मलिक अंबर : एका दासाचे चरित्र आणि महाराष्ट्राची दास्यस्मृती

महाराष्ट्राच्या इतिहासलेखनात मलिक अंबराला स्थान मिळालेले नाही, असे म्हणता येणार नाही. मोगलांना पाव शतक दक्षिणेच्या उंबरठ्यावर थोपवून धरणारा सेनानी, गनिमी काव्याचा मोठ्या प्रमाणावर अवलंब करणारा युद्धनीतिज्ञ, जमीनमहसुलाची घडी बसविणारा मुत्सद्दी आणि खडकीच्या कोरड्या पठारावर नहर आणणारा नगररचनाकार म्हणून त्याची ओळख मराठी वाचकाला शालेय वयापासून असते. या सर्व ओळखींच्या आधी एक विशेषण येते : हबशी गुलाम. परंतु ते विशेषण चरित्राच्या पहिल्या परिच्छेदातच खर्ची पडते. हीन अवस्थेतून निघून सत्तेच्या शिखरावर पोहोचलेल्या पुरुषाची कथा सांगावयाची, तर प्रारंभी ती हीन अवस्था असावी लागते. दास्याचा उल्लेख तेवढ्या गरजेपुरता होतो आणि पुढे कथेला त्याची आठवण राहत नाही. अंबराच्या प्रत्यक्ष आयुष्यात मात्र दास्य ही मागे पडलेली पायरी नव्हती. त्याची सेना, त्याचे सोयरसंबंध, त्याचे शत्रू, त्याला मिळालेल्या शिव्या आणि त्याच्या पश्चात त्याच्या समाजाचे झालेले विसर्जन, या साऱ्यांचा धागा त्या एका सामाजिक संस्थेशी जोडलेला आहे. दख्खनमध्ये दास्य ही बाहेरच्यांची गोष्ट नव्हती, ती इथल्या राज्यव्यवहाराचा भाग होती, ही वस्तुस्थिती अंबराच्या चरित्राइतकी अन्यत्र क्वचितच स्पष्ट होते.

अंबराचा जन्म इ. स. १५४८ च्या सुमारास इथिओपियात झाला. त्याचे मूळ ठिकाण देशाच्या दक्षिणेकडील कंबाटा प्रदेशात असावे, असे मानले जाते. सोळाव्या शतकाचा तो काळ इथिओपियाच्या दृष्टीने अत्यंत अस्वस्थ होता. अहमद ग्रान याच्या स्वाऱ्यांनी तेथील ख्रिस्ती राज्य खिळखिळे झाले होते आणि त्यापाठोपाठ ओरोमो टोळ्यांचे स्थलांतर सुरू झाले होते. युद्ध, लूट आणि दुष्काळ यांतून पकडलेली माणसे तांबड्या समुद्राकडे हाकली जात आणि झैला, मसावा यांसारख्या बंदरांतून अरबस्तानात विकली जात. या व्यापाराचे दुसरे टोक हिंदुस्थानात होते, हे विसरता येत नाही. हिंदी सुती कापडाला इथिओपियात मोठी मागणी होती आणि त्या कापडाच्या मोबदल्यात सोने, हस्तिदंत यांच्या जोडीने माणसेही येत असत. दख्खनच्या मागावर विणलेले कापड आणि दख्खनच्या लष्करातील हबशी शिपाई ही एकाच देवघेवीची दोन अंगे होती. अमेरिकन इतिहासकार रिचर्ड ईटन यांनी २००५ साली प्रसिद्ध झालेल्या दख्खनच्या सामाजिक इतिहासावरील ग्रंथात हा संबंध नेमकेपणाने दाखविला आहे. त्यापूर्वीच्या अंबरचरित्रांत, भास्कर गोपाळ तामसकरांच्या १९७८ च्या अभ्यासपूर्ण ग्रंथासह, राजकीय व लष्करी घटनाक्रमावरच मुख्यतः भर होता.

या मुलाचे मूळ नाव चापू असे होते. ही माहिती पीटर व्हान डेन ब्रूक या डच व्यापाऱ्यामुळे मिळते. तो १६१७ साली अंबराच्या छावणीत त्याला प्रत्यक्ष भेटला होता. मोखा येथे हा मुलगा ८० गिल्डरांना विकला गेला, असेही तो नोंदवितो. आईबापांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. विक्रीची किंमत मात्र सुमारे साठ वर्षांनंतरही सांगितली गेली. दासाच्या चरित्राची साधने कोणत्या हातांनी लिहिली जातात, याचे याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण आहे. मोख्याहून तो बगदादला गेला. तेथील मीर कासीम या व्यापाऱ्याने त्याची बुद्धी ओळखून त्याला शिक्षण दिले, इस्लामची दीक्षा दिली आणि त्याचे नाव अंबर ठेवले.

या नावापाशी क्षणभर थांबणे आवश्यक आहे, कारण मराठीच्या अभ्यासकाला त्यात एक वेगळीच सूचना आढळते. अंबर हे समुद्रातून मिळणाऱ्या एका मौल्यवान सुगंधी द्रव्याचे अरबी नाव आहे. संस्कृत-मराठीतील आकाशवाचक वा वस्त्रवाचक अंबर शब्दाशी त्याचा संबंध नाही, जरी मराठी कानाला तो भास होतो. हबशी दासांना दिली जाणारी नावे एकत्र ठेवून पाहिली, तर त्यांत एक निश्चित पद्धत दिसते. याकूत म्हणजे माणिक, जौहर म्हणजे रत्न, काफूर म्हणजे कापूर, मर्जान म्हणजे पोवळे, रेहान म्हणजे सुगंधी तुळस. ही नावे ऐकायला मधुर आहेत. परंतु ती सगळी बाजारात तोलून विकल्या जाणाऱ्या किंवा बाळगून मिरविण्याच्या वस्तूंची नावे आहेत. त्यांत बापाचे नाव नाही, कुळाचे नाही, गावाचे नाही. पन्हाळ्याच्या वेढ्यामुळे मराठी मनात कायमचा ठसलेला सिद्दी जौहर आणि जंजिऱ्याच्या इतिहासातला सिद्दी याकूत यांची नावे उच्चारताना मराठी वाचक नकळत दासबाजाराची परिभाषाच उच्चारीत असतो. शत्रू म्हणून ही नावे मराठीत घराघरांत पोहोचली, पण त्यांचा अर्थ कोणी विचारला नाही.

बगदादहून अंबर दख्खनमध्ये आला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतले. चंगीझखान स्वतः पूर्वी हबशी दास होता आणि त्याच्या पदरी असे सुमारे एक हजार हबशी होते. दख्खनच्या दास्यपद्धतीचे वेगळेपण येथे लक्षात घ्यावे लागते. अमेरिकेतील मळ्यांवर राबणाऱ्या गुलामांचे जे चित्र आधुनिक वाचकाच्या डोळ्यांसमोर असते, त्याच्याशी हे चित्र जुळत नाही. येथे दासाला शस्त्र दिले जाई, घोडा दिला जाई, अक्षरओळख दिली जाई आणि प्रसंगी राज्याचा शिक्काही त्याच्या हाती येई. याचे कारण औदार्यात नव्हते. दख्खनच्या दरबारांत दख्खनी आणि इराण-अरबस्तानातून आलेले परदेशी यांच्यात कायम तेढ असे. अशा दरबारात ज्याला स्वतःचे गोत नाही, ज्याच्या मागे वतन नाही, जो मालकावाचून कोणाचा नाही, असा माणूस मालकाला सर्वांत विश्वासाचा वाटे. म्हणजे या व्यवस्थेत दासाचे मोल त्याच्या अनाथपणावर अवलंबून होते. त्याची उन्नती आणि त्याचे उन्मूलन ही एकाच सौद्यातील दोन कलमे होती. लष्करी दास्य सौम्य होते, असे जे वारंवार सांगितले जाते, ते या दृष्टीने अपुरे ठरते.

इ. स. १५७४-७५ च्या सुमारास मूर्तझा निजामशहाच्या संशयाला चंगीझखान बळी पडला आणि त्याच्या पत्नीने अंबराला मुक्त केले. सत्तावीस वर्षांच्या या मुक्त पुरुषाजवळ मालक नव्हता आणि मुलूखही नव्हता. पुढील वीस वर्षे त्याने मिळेल तेथे चाकरी केली. विजापूरच्या आदिलशाहीत असताना मलिक ही उपाधी त्याला मिळाली आणि थोडे घोडेस्वार त्याच्या हाताखाली आले. या काळाची साधने विरळ आहेत आणि चरित्रकारही तो वेगाने ओलांडतात. १५९५ साली तो पुन्हा निजामशाहीत परतला आणि अभंगखान या हबशी सरदाराच्या चाकरीस राहिला, त्या वेळी त्याच्यापाशी सुमारे दीडशे स्वार होते.

त्याच वर्षी मोगल फौजा अहमदनगरपुढे उभ्या राहिल्या. चांदबिबीने केलेला प्रतिकार, तिचा अंत आणि १६०० च्या ऑगस्टमध्ये झालेला किल्ल्याचा पाडाव सर्वपरिचित आहे. अल्पवयीन बहादुर निजामशहाला ग्वाल्हेरच्या किल्ल्यात बंदिवान करण्यात आले आणि निजामशाही संपली, असे अकबराच्या सरदारांना वाटले. परंतु राजधानी पडली तरी मुलूख पडला नव्हता. डोंगर, किल्ले, वतनदार आणि बेकार झालेले स्वार जागच्या जागी होते. अंबराने या विस्कटलेल्या सामग्रीतून फौज उभी केली, राजघराण्यातील एका तरुणाला दुसरा मूर्तझा निजामशहा म्हणून परंड्याला गादीवर बसविले आणि त्याला आपली मुलगी दिली. राजू दख्खनी हा त्याचा प्रतिस्पर्धी निजामशाहीच्या मोठ्या भागावर हक्क सांगत होता. त्याचा काही वर्षांत त्याने बीमोड केला. १६१० साली अहमदनगरचा किल्ला मोगलांकडून परत घेतला गेला. इंग्रज प्रवासी विल्यम फिंच याने त्याच सुमारास अंबराच्या फौजेत त्याच्याच जातीचे दहा हजार आणि दख्खनी चाळीस हजार लोक असल्याचे लिहिले आहे.

या चाळीस हजारांत मराठ्यांचा भरणा मोठा होता. अंबराच्या युद्धतंत्राचे श्रेय त्याला एकट्याला देण्याची प्रथा आहे, तशीच ते मराठ्यांकडे नेण्याचीही आहे. वस्तुतः हे दोन उपेक्षित घटकांचे सहकार्य होते. मोगल फौजेचा जडपणा, तिच्यामागे चालणारा बाजार, धान्य आणि वैरणीसाठी लांबवर पसरलेल्या वाटा यांवर हलक्या स्वारांनी तुटून पडावे, समोरासमोरची लढाई टाळावी, रात्री छावणीवर बाण टाकावेत आणि शत्रूला घाटात खेचून उपाशी मारावे, ही रीत मोगल लेखकांना अत्यंत तिरस्करणीय वाटली. या स्वारांना ते बर्गी म्हणत. मराठीतील बारगीर या शब्दाशी त्याचे नाते उघड आहे : घोडा सरकारचा वा सरदाराचा, स्वार फक्त चाकरीचा. ज्याच्याजवळ घोडाही स्वतःचा नाही असा मराठा स्वार आणि ज्याचे शरीरही एकेकाळी स्वतःचे नव्हते असा हबशी सेनापती यांनी मिळून खानखानान अब्दुर्रहीमसारख्या मातब्बर सरदाराला माघार घ्यायला लावली. १६११-१२ मध्ये गुजरातेकडून घाट चढून आलेल्या अब्दुल्लाखानाचीही तीच गत झाली.

१६१० साली घडलेला एक प्रसंग चरित्रकार बहुधा दरबारी कारस्थान म्हणून दोन ओळींत सांगतात. त्याचे वजन मात्र अधिक आहे. सुलतानाच्या अंतःपुरात अंबराच्या मुलीबरोबर एक इराणी राणीही होती. डच वृत्तांतानुसार भांडणाच्या भरात तिने अंबराच्या मुलीला गुलामाची पोर, काळी बटीक असे हिणवले आणि अंबराविषयीही अपशब्द काढले. मुलीने ते बापाला कळविले. थोड्याच काळात सुलतान आणि ती राणी दोघेही विषप्रयोगाने मेले आणि पाच वर्षांचा मुलगा बुरहान निजामशहा म्हणून गादीवर आला. सुलतान अंबराचे जोखड झुगारू पाहत होता, त्यामुळे या हत्येमागे राजकीय हेतूही होता, यात शंका नाही. परंतु मुक्त होऊन पस्तीस वर्षे झाल्यावर, राज्याचा सर्वाधिकारी झाल्यावर आणि राजाचा सासरा झाल्यावरही एका शब्दाने त्याला मूळ जागी नेऊन बसविता येत होते, हे या प्रसंगातून दिसते. दास्यमुक्ती माणसाची होत होती, नावाची आणि वर्णाची होत नव्हती. ज्या दख्खनमध्ये वर्णभेद नव्हता असे ठामपणे लिहिले जाते, त्या दख्खनचा हा पुरावा आहे. अर्थात अंबराने त्याचे उत्तर खुनाने दिले, हेही झाकून ठेवण्यासारखे नाही.

जहांगीर बादशहाने आपल्या आत्मवृत्तात अंबराचा उल्लेख बहुतेक ठिकाणी शिवीसह केला आहे. ती शिवी त्याच्या काळेपणावर आणि दुर्दैवावर फिरून फिरून येते. १६१६ च्या सुमारास अबुल हसन या दरबारी चित्रकाराकडून त्याने जे चित्र काढवून घेतले, त्यात बादशहा पृथ्वीगोलावर उभा राहून भाल्यावर टोचलेल्या अंबराच्या मस्तकावर बाण सोडीत आहे. हे चित्र आज डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहात आहे. प्रत्यक्षात अंबराचे मस्तक मोगलांच्या हाती कधी लागले नाही. जे रणांगणावर साधले नाही ते कागदावर साधण्याचा तो प्रकार होता. त्याच वर्षी शाहनवाजखानाने काही मराठा व हबशी सरदार फोडून जालन्याजवळच्या रोशनगावी अंबराचा पराभव केला आणि खडकी उद्ध्वस्त केली. फुटलेल्यांत लखुजी जाधवराव होते, तसे हबशीही होते. समान जन्मस्थान हे समान निष्ठेची हमी देत नाही, हे अंबराला त्या वर्षी कळले असावे.

खडकी १६१० साली त्याने वसविली होती. त्या गावठाणाचे त्याने जे नगर केले, त्यात नहर-ए-अंबरी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भूमिगत जलवाहिनीचे महत्त्व सर्वाधिक आहे. डोंगराच्या पायथ्याचे पाणी जमिनीखालून उताराने शहरात आणावयाचे, वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास ठेवावयाचे आणि हौदांतून ते वाटावयाचे, ही इराण-अरबस्तानातील रीत. तिचा प्रत्यय त्याला बगदादच्या बाजूस आला असेल, असा तर्क केला जातो. नगरातील पेठांना मालोजी, खेलोजी, परसोजी, विठोजी अशा मराठा सरदारांची नावे होती. १६१२ मध्ये भडकल दरवाजा उभा राहिला. हे शहर मोगलांनी लुटले तरी पुन्हा वसले. त्याच्या मुलाच्या नावावरून फतेहनगर, औरंगजेबाच्या सुभेदारीत औरंगाबाद आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर अशी त्याची नामांतरे झाली. नहराचे नाव मात्र मूळचेच राहिले.

महसुलाच्या बाबतीत अंबराने मक्त्याची पद्धत मोडली, जमिनीची प्रतवारी करून उत्पन्नाच्या अंशावर आकार बसविला आणि पुढे त्याचे रोख रकमेत रूपांतर केले. गावकऱ्यांचा जमिनीवरील हक्क आणि गावाची सामूहिक जबाबदारी या दोहोंना त्यात मान्यता होती. दादोजी कोंडदेवांनी पुणे जहागिरीत हीच रीत चालविली, असे ग्रँट डफने लिहिले आहे आणि एकोणिसाव्या शतकातील इंग्रज अधिकाऱ्यांना दख्खनच्या खेड्यांतून मलिकंबरी धाऱ्याची आठवण अद्याप ऐकू येत होती. जमिनीवरील कुणब्याच्या हक्काची घडी बसविणारा पुरुष असा होता की, ज्याला स्वतःच्या जन्मभूमीत पाय ठेवणे पुन्हा शक्य झाले नाही. येथेच एक अडचणीचा मुद्दाही उपस्थित होतो. अंबराने दास्यपद्धती मोडली नाही. त्याच्या फौजेतील दहा हजार हबशांमध्ये विकत घेतलेल्यांचाही भरणा होता. चंगीझखानाने त्याच्यासाठी जे केले, तेच त्याने इतरांसाठी केले : विकत घेतले, शिकविले, चढविले. त्याच्याकडून आधुनिक अर्थाच्या दास्यविरोधाची अपेक्षा करणे अनैतिहासिक होईल. पण म्हणून त्याला दासांचा मुक्तिदाता ठरविणे अधिक अनैतिहासिक आहे. अलीकडे काही लोकप्रिय लेखनात तसा सूर लागतो, तो टाळलेला बरा.

१६१७ मध्ये आणि पुन्हा १६२१ मध्ये शाहजहानपुढे त्याला नमते घ्यावे लागले. दोन्ही वेळा मोगलांची पाठ फिरताच त्याने गेलेला मुलूख परत घेण्यास आरंभ केला. १६२४ साली मोगल आणि आदिलशाही फौजा एकत्र होऊन त्याच्यावर चालून आल्या, तेव्हा तो पंचाहत्तरीच्या घरात होता. अहमदनगरजवळ भातवडीच्या तलावाचे पाणी सोडून त्याने शत्रूची वाट चिखलाची केली, रसद तोडली आणि नंतर निर्णायक हल्ला चढविला. विजापूरचा सेनापती मुल्ला मुहम्मद लारी मारला गेला. शहाजीराजे या लढाईत निजामशाहीकडून लढले आणि त्यांचे बंधू शरीफजी तेथेच पडले. मराठी साहित्याच्या अभ्यासकाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, शिवाजी महाराजांच्या आश्रयाने कवींद्र परमानंदाने रचलेल्या संस्कृत शिवभारतात या युद्धाचे विस्तृत वर्णन आहे आणि त्यात अंबराचे चित्रण सन्मानाने, एका पराक्रमी स्वामीचे म्हणून केले आहे. भोसले कुळाच्या गौरवग्रंथाला त्याच्या पदरी केलेल्या चाकरीचा संकोच वाटला नाही. त्याचे दास्यही तेथे हिणविण्याचा विषय झाले नाही. फारसी बखरकारांची शिवी आणि मराठा दरबारच्या संस्कृत कवीचा आदर शेजारी ठेवून वाचल्यास, दास्याचा कलंक सर्वांच्या नजरेत सारखा नव्हता, हे दिसून येते.

भातवडीनंतर त्याने विजापूरवर चाल केली, नवरसपूर लुटले आणि सोलापूर घेतले. १६२६ च्या मे महिन्यात, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षाच्या सुमारास, तो मरण पावला. आपली कबर त्याने खुलदाबादला झर झरी बक्ष यांच्या दर्ग्याजवळ आधीच बांधून घेतली होती. त्याची पत्नी बीबी करीमा हिचेही थडगे जवळच आहे. जहांगीरच्या आत्मवृत्ताचे लेखन काही काळ मुतमदखानाने चालविले होते. त्याने मात्र मेलेल्या अंबराविषयी लिहिताना शिवी टाळली आणि युद्धकला, कारभार व न्यायबुद्धी या बाबतीत त्याला जोड नव्हती, अशा आशयाची नोंद केली.

मुलगा फतेहखान बापाच्या जागी आला, पण बापाची दृष्टी त्याच्याजवळ नव्हती. त्याने बुरहान निजामशहाचा वध करविला आणि १६३३ मध्ये दौलताबादचा किल्ला महाबतखानाच्या स्वाधीन करून मोगलांची तनखा पत्करली. सेनापतीचा मुलगा म्हणून जन्मलेला फतेहखान दास कधीच नव्हता. लष्करी दास्याची संस्था आपले वारस स्वतः निर्माण करीत नाही. दासाची मुले स्वतंत्र जन्मतात, इथल्या भाषेत वाढतात, इथल्या घरांत लग्ने करतात आणि एक-दोन पिढ्यांत दख्खनी होतात. नवे दास येत राहिले तरच हबशी हा वेगळा वर्ग टिकतो. सतराव्या शतकाच्या मध्यानंतर ती आवक आटत गेली आणि मराठवाड्यातील तो समाज बहुतांशी भोवतालच्या लोकसंख्येत मिसळून गेला. किनाऱ्यावर तसे झाले नाही. निजामशाहीचेच अधिकारी असलेल्या जंजिऱ्याच्या सिद्दींनी आपले राज्य १९४८ पर्यंत टिकविले आणि मराठी बखरींत त्या मुलुखाला हबसाण हे नाव मिळाले.

गोव्याकडून आलेली शाखा अगदी वेगळी. जुन्या गोव्याच्या मुख्य रस्त्यावर भरणाऱ्या लिलावात घोड्यांबरोबर माणसेही विकली जात, याची वर्णने सोळाव्या शतकाच्या अखेरीस तेथे राहिलेल्या लिन्शोटेनने आणि नंतरच्या युरोपीय प्रवाशांनी केली आहेत. तेथील आफ्रिकन दास बहुतांशी घरगुती कामाचे; त्यांना सेनापती होण्याची वाट नव्हती. खापरी हा शब्द कोकणीत त्यांच्यासाठी रुळला. पोर्तुगीज मुलुखातील दास्य कायद्याने १८६९ मध्ये संपले. तत्पूर्वी जे पळून घाटापलीकडच्या रानांत गेले, त्यांचे वंशज उत्तर कन्नड जिल्ह्यातील यल्लापूर, हळियाळ, अंकोला या भागांत शेतमजुरी आणि जंगलकाम करून राहिले. कोकणीशी जवळचे नाते असलेली, मराठी व कन्नड शब्द मिसळलेली बोली ते बोलतात. त्यांत हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्तीही आहेत. २००३ साली त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला.

खुद्द मराठी मुलुखातील दास्याचा शोध मात्र हबशांपाशी संपत नाही. पेशवे दप्तरात कुणबिणींविषयीचे कागद विपुल आहेत : स्वारीत धरून आणलेल्या, दुष्काळात विकलेल्या, कोठीवर दळायला आणि पागेत शेण काढायला ठेवलेल्या, बक्षीस वा हुंडा म्हणून दिलेल्या स्त्रियांचे. कुणब्याची बायको एवढाच मूळ अर्थ असलेला हा शब्द विकत घेतलेली दासी या अर्थाने इतका रूढ झाला की, मोल्सवर्थला आपल्या कोशात दोन्ही अर्थ द्यावे लागले. बटकीचा आणि लेकावळा हे शब्द त्याच व्यवहाराची पिलावळ आहेत. त्यांतला पहिला शिवी म्हणून भाषेत राहिला, दुसरा शब्द केवळ कागदपत्रांच्या अभ्यासकांना कळतो. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी गुलामगिरी हा ग्रंथ अमेरिकेतील दास्य नष्ट करणाऱ्यांना अर्पण केला आणि त्या शब्दाला मराठीत जातिव्यवस्थेच्या चिकित्सेचे सामर्थ्य मिळवून दिले. त्यानंतर मराठी विचारविश्वात गुलामगिरी म्हटले की एक तर अमेरिका आठवते, नाहीतर जात. कोठीवरच्या कुणबिणी त्या दोहोंच्या मध्ये कोठे तरी हरवल्या.

१८४३ च्या कायद्याने कंपनी सरकारच्या न्यायालयांनी दासावरील मालकी हक्क मान्य करणे बंद केले आणि १८६० च्या दंडसंहितेने माणसाची खरेदी-विक्री हा गुन्हा ठरविला. त्या तारखांच्या आधीच्या शतकभरात पुण्याच्या कोठीवर ज्या कुणबिणी दळत होत्या, त्यांचा रंग, वय, अंगावरची खूण आणि किंमत कागदांत मिळते. अंबरासारखीच त्यांनाही घेणाऱ्याने नवी नावे दिली होती. चापू हे नाव जसे एका डच व्यापाऱ्याने विचारले म्हणून उरले, तसे त्यांचे पूर्वीचे नाव विचारणारा कोणी भेटल्याचे दप्तरात आढळत नाही.